कोपऱ्यात बसवलेलं गणित

शाळेत पस्तीस वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. खडूच्या भुकटीसारखे पदराला चिकटतात, झटकले तरी जात नाहीत. आम्ही मैत्रिणी जमलो की या बाया हमखास म्हणतात, "तुझ्या कोपऱ्यांचं सांग." तर ऐका.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. नागपुरात विणकरांच्या वस्तीतली शाळा, माझ्याकडे तिसरी. एका शिबिरात मी शिकून आले की वर्गाच्या चार कोपऱ्यांत चार तऱ्हेचं गणित मांडायचं. एकात घड्याळ, एकात फळं, एकात मोजपट्ट्या, एकात भाकऱ्या. पोरांनी आळीपाळीनं बसायचं आणि हातानं करून बघायचं.

आमचे हेडमास्तर पाढेवाले. पावकी, निमकी, औटकी, सगळं तोंडपाठ असल्याचा त्यांना भारी अभिमान. माझं ऐकून म्हणाले, "बाई, पोरं कोपऱ्यात उभी करायची असतात, बसवायची नसतात." शेवटी तपासणीपर्यंत मुदत दिली. इन्स्पेक्टर साहेबांनी नाक मुरडलं की कोपरे बंद, असं ठरलं. मी मनात म्हटलं, बघूच.

* * *

पहिल्या दिवशी मी मोठ्या उत्साहानं म्हटलं, "चला, दहा-दहा जण कोपऱ्यात!"

चाळीस पोरं मुकाट्यानं उठली, भिंतीकडे तोंड केलं आणि कान धरून उभी राहिली. त्यांत एक कमली होती, तिसरीत दुसऱ्यांदा बसलेली. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाई, आमी केलं काय, ते तं सांगा."

तो अख्खा तास कान सोडवण्यात गेला.

* * *

घड्याळाच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचं घड्याळ होतं. वस्तीतल्या निम्म्या घरांत घड्याळ नव्हतं, सगळे मिलच्या सातच्या भोंग्यावर उठायचे. दशरथ नावाच्या पोराला मी सात वाजवून दाखवायला सांगितलं. त्यानं काटे बरोबर लावले. मी खूश झाले, शाबासकी दिली आणि सहज विचारलं की रविवारी सकाळी सात वाजता तू काय करतोस?

तो बुचकळ्यात पडला. "रविवारी मिल बंद राह्यते ना, बाई. रविवारी सात नाई वाजत."

हे नेमकं दारातून हेडमास्तरांनी ऐकलं. पुढे आठवडाभर ते मला रोज किती वाजले ते विचारत होते.

* * *

फळांच्या कोपऱ्यात मी बाजारातून वीस संत्री आणून ठेवली, अगदी स्वस्तातली, आंबट. गटाला वजाबाकी दिली आणि दुसऱ्या कोपऱ्याकडे वळले. परत येऊन बघते तर टोपली रिकामी!

मी कमरेवर हात ठेवून विचारलं, हे काय? गटप्रमुख तोंड पुसत म्हणाला, "वजाबाकी करून राहिलो होतो, बाई. सालं मोजून घ्या, बरोबर विसाचीच आहेत."

मोजली. उत्तर बरोबर होतं, म्हणून रागावता येईना. दुसऱ्या दिवसापासून मी चिंचोके ठेवले.

* * *

तपासणीच्या आदल्या दिवशी हेडमास्तरांनी शिपायाकडून चारही कोपरे आवरून घेतले. सगळं सामान कपाटात, किल्ली त्यांच्या खिशात. मला इतकी चीड आली, की रडूच फुटायचं राहिलं. पण पोरांदेखत रडायचं नाही, हा माझा नेम. मी फक्त म्हटलं, "उद्या ज्याच्या घरी जे असन ते आणा गा."

सकाळी शाळा भरायच्या आत पुठ्ठे आले, सुतळ्या आल्या, चिंचोके तर पिशवीभर आले. कमली घरातल्या सात ताटल्या डोक्यावर घेऊन आली. पुठ्ठे कापून घड्याळ आणि भाकऱ्या केल्या, आणि साडेदहाला चारही कोपरे जागच्या जागी. हेडमास्तर दारात थबकले, तेव्हा मी म्हटलं, "किल्ली राहू द्या तुमच्याजवळ, गुरुजी. लागली नाही."

* * *

साहेब आले. खुर्चीत बसून एकेक कोपरा बघितला. हेडमास्तरांनी मुद्दाम कमलीला उभं केलं.

साहेबांनी औटकीतलं विचारलं, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यातलं. "साडेतीन सत्ते किती?"

तिला पाढा येत नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. ती कुणालाही न विचारता भाकऱ्यांच्या कोपऱ्यात गेली. सात ताटल्या मांडल्या. प्रत्येकीत पुठ्ठ्याच्या तीन भाकऱ्या आणि एक अर्धी ठेवली. मग अर्ध्याला अर्धी जोडत सगळ्या मोजल्या. उठून म्हणाली, "साडेचोवीस."

"चूक," हेडमास्तर म्हणाले. "साडेपंचवीस."

साहेबांनी कमलीकडे पाहिलं. ती जागची हलली नाही. "मोजून पाहा ना, मोठे गुरुजी," असं म्हणून तिनं सरकून जागा करून दिली.

साहेब बघत होते, तेव्हा बसणं भाग होतं. हेडमास्तरांनी धोतर सावरलं आणि खाली बसले. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. मग घाम पुसत म्हणाले, "साहेब, इथं एक भाकर कमी आहे."

साहेबांनी तपासणीचं शेरेबुक मागवलं आणि दोन ओळी लिहिल्या: "गणिताचे कोपरे चालू ठेवावेत. मुख्याध्यापकांनी रोज अर्धा तास तेथे बसावे."