चूर्णाचा तिसरा डबा

काल सासूबाईंसाठी पोट साफ व्हायच्या चूर्णाचा डबा उघडला. सोनामुखीच्या त्या उग्र वासानं मला माझे वडील, अण्णा आठवले.

ते चाकणला कंपनीत होते. माझ्या लग्नाआधी एका दुपारी त्यांच्यासाठी मी काळेवाडीच्या मेडिकलमधून तिसरा डबा मागितला. दुकानदार सलीमचाचा म्हणाले, "बेटा, हे चार-आठ दिवसांपुरतं असतं. एवढ्यानं फरक नाही, तर डॉक्टरांना दाखवा."

मी घरी सांगितलं. अण्णा हसले. "शिफ्ट बदलली की जाऊ गं."

मी हट्ट धरला नाही. कोमट पाण्यात चूर्ण ढवळून दिलं.

आतड्यातली गाठ कळली तोवर फार उशीर झाला होता. त्या दुपारी मात्र मला वाटलं होतं, मी अण्णांची किती काळजी घेतेय.