हाडाच्या बाई

हाड मोडलंय म्हटलं की डॉक्टरबाई आधी विचारायच्या, "कधी?" कसं आणि कुणी, हे प्रश्न नंतर. पोलिसांनी आणलेली हाडं बारामतीच्या दवाखान्यात त्या तपासत, म्हणून लोक त्यांना 'हाडाच्या बाई' म्हणत. बाईंना त्याचं हसू यायचं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. माझा धाकटा भाऊ सदाशिव बांधावरून थोरल्या दादाशी भांडला आणि घरातून निघून गेला, तो परतलाच नाही. दोन-तीन वर्षांनी आमच्या इंदापूरकडच्या मळ्यात पडक्या विहिरीचा गाळ काढताना हाडं सापडली. कमरेच्या पट्ट्यावरून मी त्याला ओळखलं. कवटीला भोक होतं. दादानंच डोक्यात घाव घालून भावाला विहिरीत टाकलं, असं गावानं ठरवून टाकलं. दादाच्या दारात कुणी पाय ठेवीना.

बाईंनी मला आणि दादाला बोलावून घेतलं. हाडांना त्या 'सदाशिव'च म्हणत.

"सगळं हाड गाळानं काळं पडलंय, पण या भोकाची कड पांढरी आहे. म्हणजे हा घाव आत्ताचा, गाळ काढताना लागलेल्या टिकावाचा. सदाशिवच्या टाचा आणि मणके मात्र चेपलेत, आणि तिथल्या कडा काळ्याच आहेत. ते तेव्हाचं मोडणं. तो उभाच्या उभा पायांवर पडला."

"म्हंजे कुणी ढकललं न्हाय ना?" मी घाईनं विचारलं.

"ते हाड सांगत नाही. मग मीही सांगणार नाही."

दादा पुढं सरकला. "बाई, लई दुखलं आसंल का वो त्याला?"

बाई खोटं बोलल्या नाहीत. "दुखलं असेल," म्हणाल्या आणि त्याचा हात धरून बसून राहिल्या.

पोलिसांनी दादावरचा संशय सोडला, पण गाव काही सोडीना. एका सकाळी बाई एसटीनं आल्या, पारावरच्या माणसांना रामराम घालून थेट दादाच्या ओट्यावर बसल्या. "वहिनी, चहा टाका!" ही हाक पारापर्यंत गेली. दुसऱ्याच दिवशी शेजारचे तात्या आले. "बाई बसल्या हितं, मंग आमी काय सोवळ्यातलं हाय व्हय?"

पुढं बाईंची बदली झाली. दौंडच्या गाडीत बसवून दिलं, ती शेवटची भेट.

दादा म्हातारा होऊन परवा गेला. खांदा द्यायला माणसं एकमेकांना सारत होती. त्या गर्दीत माझे डोळे बाईंना शोधत राहिले.