पश्चिमेच्या भिंतीवरचे ग्रिफिन

शमशुद्दीन शेख यांची सगळी नोकरी कॅम्पातल्या एका लिलावघरात गेली. जुन्या बंगल्यांतलं सामान तिथं यायचं आणि पलंग-आरशांच्या गर्दीत कधीतरी इंग्लंडहून आलेली पोर्सेलीनची बाहुली निघायची. नाचणाऱ्या मडमांकडे आणि कुत्र्यांकडे ते बघायचेही नाहीत. त्यांना जगात नसलेलेच प्राणी हवे असायचे. पहिला मिळाला तो ग्रिफिन. धड सिंहाचं, डोकं आणि पंख गरुडाचे. एक पंख तुटका, म्हणून लिलावात कुणी बोली लावली नव्हती. मग त्याचा जोडीदार मिळाला, बाईच्या तोंडाचा स्फिंक्स आला, एकशिंगी घोडा आला. उजेडासमोर धरलं की त्या घोड्याचा कान लहान मुलाच्या कानासारखा गुलाबी दिसायचा.

कोंढव्याच्या फ्लॅटमध्ये काचेच्या कपाटाला एकच भिंत मोकळी होती, हॉलची पश्चिमेची. नमाजेला तोंड करायचं तेही तिकडंच. पुतळ्यांसमोर नमाज पढू नये, हे त्यांच्या बायकोला, कमरजहांला, लहानपणापासून शिकवलेलं. कपाट आलं त्या दिवशी तिनं ते काढायला सांगितलं. शमशुद्दीननी समजावलं, की हे प्राणी मुळात नाहीतच, मग त्यांचा कसला दोष.

"नसलेल्यांनी एवढी जागा अडवली होय," ती म्हणाली आणि जानमाज, नमाजेची चटई, उचलून स्वयंपाकघरात गेली.

तेव्हापासून ती फ्रिज आणि ओट्याच्या मधल्या फटीत नमाज पढायची. तिनं विषय पुन्हा काढला नाही. त्यांनीही नाही, कारण न काढण्यात त्यांची सोय होती. ते त्यांना कळतही होतं.

यंदा तिचे गुडघे गेले. डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली. खुर्चीवर पढायचं ठरलं, पण त्या फटीत खुर्ची मावेना. मुलगी मेहजबीन हिंजवडीहून सुट्टीला आली, तिनं टेप लावून पाहिलं. कपाट बेडरूममध्येही जाणार नव्हतं. अब्बा, आता हे काढाच, असं ती सांगून गेली. शमशुद्दीन म्हणाले, बघतो, रविवारनंतर. असे किती रविवार गेले.

एका संध्याकाळी ते पाणी प्यायला उठले. कमरजहांनं खुर्ची पॅसेजमध्ये लावली होती. खुर्चीची पाठ बाथरूमच्या दाराला टेकलेली, समोर गॅसचं सिलिंडर. ती डोळे मिटून पुटपुटत होती. शमशुद्दीन पाणी न पिताच माघारी फिरले.

त्याच आठवड्यात त्यांनी कोरेगाव पार्कातल्या एका संग्राहकाला बोलावलं. पृथ्वीराज नावाच्या त्या माणसानं एकेक प्राणी कापसात गुंडाळला, कपाटही नेलं. का देताय, असं त्यानं विचारलं. शमशुद्दीन म्हणाले, जागा नाही. खरं कारण परक्यासमोर तोंडातून निघेना.

मगरिबच्या, सूर्यास्तानंतरच्या नमाजेच्या वेळी त्यांनी स्वतः खुर्ची हॉलमध्ये मांडली. कमरजहां भिंतीसमोर येऊन उभी राहिली.

"सगळे दिले?"

"सगळे. तुझ्यासाठी."

"गुडघ्यांसाठी दिलेत," ती म्हणाली. "मी सांगितलं तेव्हा माझे गुडघे चांगले होते."

तिनं ओढणी डोक्यावरून घेतली, खुर्चीत बसली आणि पंखा बारीक करायला सांगितलं. त्यांनी केला. मग ते स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिज-ओट्याच्या मधे उभे राहिले. तिथं धड वळताही येत नव्हतं.