मंडळाची वेबसाइट आणि सरांचा दगड

बातमीदाराची नोकरी संपली, पण सवय जात नाही. आयुष्यभर लोकांच्या बैठकांना मागच्या खुर्चीत बसून ऐकत आलो. आता आमच्या वारसा मंडळाच्या बैठकीत पुढच्या खुर्चीत बसतो. फरक एवढाच, की चहा आधी मिळतो. बाकी जे ऐकू येतं ते तेच! पूर्वी संपादक निम्मं कापायचे, आता कापणारं कोणी नाही, म्हणून किस्से साचत गेलेत. त्यात आमच्या उदगीरच्या मंडळानं वेबसाइट करायची ठरवली, म्हणजे तर विचारूच नका.

मंडळात तसे आम्ही चौघंच राबणारे. अध्यक्ष अप्पा, मोंढ्यातले आडत व्यापारी, मनानं चांगले, पण ऐकून घ्यायची सवय नाही. सचिव मोरे, जिल्हा परिषदेतून निवृत्त. नांदेडची शिल्पा, वेबसाइट बनवणारी. आणि मी, मजकूर लिहायला आणि भांडायला.

पण वेबसाइट खरी बिरादार सरांची. सर इतिहासाचे शिक्षक. सुट्टी लागली की स्कूटर काढायची आणि खेडोपाडी पडलेले शिलालेख, वीरगळ, मूर्ती शोधून त्यांचे फोटो घ्यायचे, हाच त्यांचा उद्योग. पुढे काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. सगळे फोटो त्यांनी मंडळाला देऊन टाकले. अट एकच घातली.

"वेबसाइट मला स्वतःला वापरता आली पाहिजे. सुनेला हाक न मारता. फोटो मी काढलेत, आता मला दिसत नाहीत. निदान ऐकू तरी येऊ द्या."

अप्पा म्हणाले, "सर, तुमच्यासाठी मी सोता वाचून दाखवतो की!"

"तुम्ही? सकाळी एक भाव सांगाल, दुपारी दुसरा!"

अट मान्य झाली. मंडळात अट मान्य करायला कधीच वेळ लागत नाही.

*

पहिल्या पानावर काय असावं, यावर बैठक झाली. अप्पांना सनई हवी होती. फडकणारा झेंडा हवा होता. किल्ल्यावरून ड्रोन उडतोय असा व्हिडिओ हवा होता. शिल्पा म्हणाली, एवढं सगळं घातलं तर पान जड होईल, लोकांचा डेटा जाईल, आणि साध्या फोनवर उघडणारच नाही. अप्पांना पटेना, म्हणून तिनं तसंच पान करून दिलं. शेवटी एकदा लातूरला गेलो असताना आम्ही पुढे मुरुडपर्यंत गेलो आणि बाजारात एका टपरीवर बसून अप्पांनीच आपल्या फोनवर वेबसाइट उघडली.

चक्र फिरायला लागलं. चहा आला. चहा संपला. दुसरा सांगितला. चक्र फिरतच होतं. सर शेजारी शांत बसले होते. म्हणाले, "ड्रोनची बॅटरी उतरली वाटतं."

अप्पा चिडले. "ह्यो नेटवर्कचा दोष हाय."

"नेटवर्क आहे ते आहे, अप्पा," शिल्पा म्हणाली. "आपण हलकं व्हायला पाहिजे."

"हलकी केली तर गरिबाची दिसंल ना ताई! लग्नात पोरीला कोणी हलकं सोनं घालतंय का?"

यावर शिल्पानं माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं.

*

मग रंग. अप्पांनी पसंत केलेला रंग पिवळा, आणि त्यावर अक्षरं भगवी. दिसायला हळदीकुंकवाचं ताट! शिल्पा म्हणाली, ज्यांची नजर कमी आहे त्यांना यातलं एक अक्षर वाचता येणार नाही. तिनं लॅपटॉप अप्पांपुढे ठेवला. "वाचा बरं पहिली ओळ."

अप्पांनी मान मागे घेतली. मग पुढे आणली. मग लॅपटॉपच हातभर लांब सरकवला.

"ह्यात माझं नाव हाय का?"

"आहे. पहिलंच आहे."

"मग काय वाचायचंय? मला म्हाईत हाय माझं नाव!"

*

आता मोऱ्यांची गोष्ट. प्रत्येक फोटोमागे एक छोटं वर्णन लिहून ठेवायचं असतं. ते पानावर दिसत नाही. अंध माणूस फोटोवर बोट ठेवतो तेव्हा फोन ते वाचून दाखवतो. शिल्पानं हे दोनदा समजावलं आणि काम मोऱ्यांकडे दिलं. मोरे सरकारी निमंत्रणपत्रिका लिहिण्यात पटाईत. एका आठवड्यात सगळी वर्णनं लिहून तयार!

सर ऐकायला बसले. एका जुन्या मंदिराच्या कोरीव दाराच्या फोटोवर त्यांनी बोट ठेवलं. फोन बोलायला लागला. "माननीय अध्यक्ष, माननीय उपाध्यक्ष, माननीय सचिव, प्रमुख पाहुणे, सन्माननीय सदस्य व बहुसंख्य ग्रामस्थ यांच्या उपस्थितीत..." फोनला धाप लागत नाही म्हणून बरं!

सरांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "मोरे, दार कुठाय?"

मोरे म्हणाले, "सर, म्या तुमच्या फोटोच्या जागी मंडळाच्या पाहणीच्या वक्ताचा फोटो घातला. दारासमोर मान्यवर उभे होते. दार झाकलं गेलं."

सर म्हणाले, "मग वर्णन बरोबर आहे तुमचं."

मी तिथंच ओरडलो. म्हणालो, जुन्या दाराच्या फोटोत दार नाही, हा कसला वारसा! मोरे मला समजावत म्हणाले, "साहेब, दार काय, कुठं पळून जातंय का? मान्यवर रोज येतेत का?"

पुढे महिनाभर शिल्पानं आणि सरांनी मिळून सगळी वर्णनं नव्यानं लिहिली. सर आठवून सांगायचे, ती लिहून घ्यायची. मान्यवरांचे फोटो वेगळ्या पानावर गेले. त्या पानाला अप्पांनी नाव दिलं, 'मुख्य दालन'.

*

आमचंच मंडळ असं आहे, असं समजू नका. नांदेडला शिल्पाच्या ऑफिसात बसून आम्ही इतरांच्या वेबसाइटही पाहिल्या. म्हणजे सरांनी ऐकल्या. एका संस्थेच्या वेबसाइटवर फोन स्पष्ट म्हणाला, "अंध बांधवांनी मदतीसाठी खालील चित्रात दिलेल्या क्रमांकावर संपर्क साधावा."

सरांनी चित्रावर बोट ठेवलं. फोन म्हणाला, "चित्र."

पुन्हा ठेवलं. "चित्र."

सर म्हणाले, "माणसं चांगली आहेत. मदत करायची इच्छा दिसते!"

मी त्या संस्थेला फोन लावला. चाळीस वर्षं फोनवर भांडलोय, मागे हटणाऱ्यातला नाही. पलीकडचा सद्गृहस्थ म्हणाला, "अजून एकाही अंध माणसाची तक्रार आली नाही आमच्याकडं!"

मी फोन ठेवला. पूर्वी असं काही ऐकलं की मी तो आपटायचो. आता मोबाइल आपटायला परवडत नाही.

*

आता दगडाकडे येतो.

सरांना त्यांच्या सगळ्या शोधांत सगळ्यात प्रिय असलेला दगड म्हणजे एक गधेगाळ. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी राजा जमीन दान द्यायचा, तेव्हा दगडावर दानाचा मजकूर कोरायचा. हे दान जो मोडील त्याला शिवी, असंही त्यावर असायचं. आणि ती शिवी नुसती लिहून भागायचं नाही. वाचता न येणाऱ्यालाही कळावी म्हणून खाली चित्र कोरायचे. बाई आणि गाढव. यापुढे मी सांगत नाही, चित्र काही सांगायचं बाकी ठेवत नाही.

सरांनी वर्णन सांगितलं होतं ते असं. "काळ्या दगडाचा उभा खांब. वर सूर्य आणि चंद्र. मध्ये झिजलेला मजकूर. खाली बाई आणि तिच्यावर चढलेलं गाढव. हे दान मोडणाऱ्याच्या आईला दिलेली ही शिवी आहे."

बैठकीत शिल्पानं ते फोनवर ऐकवलं. अप्पांचे कान लाल झाले.

"बंद करा! बंद करा आधी! देवाधर्माची वेबसाइट हाय ही. लेकीबाळी बघतील."

मी म्हणालो, "मग फोटो काढून टाका."

"फोटो कशाला काढायचा? फोटो जुना हाय. वारसा हाय! अक्षरं तेवढी नकोत."

"म्हणजे डोळे आहेत त्यांनी पाहायचं, आणि डोळे नाहीत त्यांनी ऐकायचं नाही?"

"पेपरवाले, तुमी उगं भांडून राहिलात. सरांना तर ठावं हाय त्यात काय हाय ते!"

"इतर अंधांना?"

"त्यांना कशाला असलं सांगायचं?"

मत घेतलं. मी आणि शिल्पा एकीकडे, बाकी सगळी सभा दुसरीकडे. ठराव झाला. मोऱ्यांनी नवीन वर्णन सुचवलं आणि ते एकमतानं मंजूर झालं, म्हणजे आम्हा दोघांना न मोजता. 'सूर्य-चंद्रांसह मंगल प्रतीक.'

सरांनी मत दिलं नाही. काठी शोधली, उठले, आणि दारात थांबून म्हणाले, "अप्पा, मला दिसत होतं तेव्हा मला कोणी फसवू शकत नव्हतं. आता मी तुमच्या सांगण्यावर आहे. आणि तुम्ही गाढवाला मंगल प्रतीक म्हणून सांगायलालात."

अप्पांनी मान खाली घातली. ठराव मात्र तसाच राहिला.

बैठकीनंतर मी सरांना रिक्षानं घरी सोडायला गेलो. घरापाशी उतरताना म्हणाले, "एवढाच एक दगड मला माझ्या कानांनी ऐकायचा होता."

मी त्यांना दारापर्यंत सोडून आलो.

*

लोकार्पण मंगल कार्यालयात झालं. वेबसाइटचं लोकार्पण म्हणजे काय करायचं, हा प्रश्न मोऱ्यांनी सोडवला. लॅपटॉपला लाल फीत बांधली आणि प्रमुख पाहुण्यांनी ती कात्रीनं कापली. नारळ लॅपटॉपवर फोडायचा नाही, एवढं शिल्पानं मान्य करून घेतलं.

प्रमुख पाहुणे म्हणजे शाळा-कॉलेजं चालवणारे एक साहेब. मागं मोठा पडदा होता. शिल्पानं सुचवलं होतं, खुर्च्या थोड्या तिरक्या ठेवा, पाहुण्यांनाही पडदा दिसेल. अप्पा म्हणाले, "मान्यवर काय तिरके बसतेत का? समोर बसतेत!" त्यामुळे मान्यवरांची तोंडं लोकांकडे आणि पाठ पडद्याकडे.

मग सरांना बोलावलं. अंध माणूस वेबसाइट कशी वापरतो ते दाखवायला. शिल्पानं त्यांचा फोन पडद्याला जोडला, एक माइक हातात दिला. सरांनी एक-दोन पानं फिरवली आणि शांतपणे त्या दगडाच्या फोटोवर बोट ठेवलं. पडद्यावर दगड आला, भिंतीएवढा. फोन म्हणाला, "सूर्य-चंद्रांसह मंगल प्रतीक."

सभागृहात खसखस पिकली. साहेबांना वाटलं, कौतुक आहे. ते उठले, पोडियमवरचा माइक घेतला.

"आत्ताच आपण सगळ्यांनी ऐकलं. आपल्या मातीतलं मंगल प्रतीक! मी या व्यासपीठावरून शब्द देतो. आमच्या मुलींच्या नव्या वसतिगृहाच्या कमानीवर हेच प्रतीक कोरलं जाईल!"

पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. मागून एकानं शिट्टी मारली. साहेब आणखी खुश झाले.

"आणि मोठ्या आकारात! अप्पा, कारागीर तुम्ही द्यायचा!"

अप्पा अर्धे उठले, पुन्हा बसले. मोरे छताकडे पाहायला लागले. साहेबांना उठून सांगायचं कोणी, आणि कोणत्या शब्दांत?

सर आता अप्पांच्या शेजारच्याच खुर्चीत होते. अप्पांकडे कलले. हातातला माइक चालूच होता, त्यामुळे ते सगळ्या सभागृहानं ऐकलं.

"अप्पा, साहेबांना तुम्ही सांगता, का फोनला सांगू देता?"

अप्पांनी रुमालानं मान पुसली. व्यासपीठाच्या कडेला येऊन खाली बसलेल्या शिल्पाकडे वाकले.

"ताई, ते सरांचं हाय ना, आधीचं, ते घाला परत. आत्ताच्या आत्ता."

शिल्पानं मांडीवरचा लॅपटॉप उघडला. फीत अजून त्याला लोंबत होती.

"घातलं, अप्पा."

सरांनी दगडावर पुन्हा बोट ठेवलं, आणि फोन माइकजवळ नेला.