चिंचेखालचा तांबडा रुमाल

बागेतल्या आमच्या थिएटरचे किस्से कुणी मुद्दाम जपून ठेवले नाहीत. स्टेजमागं पाचोळा साचतो तसे ते साचले. आता सांगलीत आम्ही चार जुने नट भेटलो की कुणीतरी एखादा उकरतो आणि सगळे पोट धरून हसतात. मला मात्र पूर्वीसारखं हसू येत नाही.

*

लढाईचे दिवस. रॉकेलवर रेशन, पेट्रोमॅक्सच्या बत्त्या बंद, म्हणून नाटकं उन्हं कलताना. दगडी स्टेज, वर आभाळ, समोर हिरवळ. बांधणाऱ्यांनी एकच काळजी घेतली होती, पुढच्या खुर्च्यांवरच्या बड्या लोकांच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये. मग ते आमच्या डोळ्यांवर! आमचा प्रत्येक राजा डोळे मिचकावत राज्य करायचा. एकदा हिरवळीवरून तासगावकडचा एक पाव्हणा ओरडला, "आवं, राजाचं डोळं आल्यात का काय?"

राजा मीच होतो.

*

मधली खुर्ची एका बड्या साहेबांची. एकदा ते दुसऱ्या अंकाला उगवले आणि निरोप धाडला, "पहिल्यापासून होऊ द्या!"

आमचे खलनायक गोपाळराव पहिल्याच अंकात मरून, रंग पुसून, मागं चहा पीत बसले होते. ते म्हणाले, "एका तिकिटात दोनदा मरायचं?"

पण मेले बिचारे दुसऱ्यांदा. हिरवळीवरच्या लोकांना कुणी काही विचारलं नाही. बाग म्हणे सार्वजनिक होती!

*

माईक नव्हता. आमचे दिग्दर्शक नाना, म्हणजे रिटायर झालेले हेडमास्तर. त्यांनी एक पद्धत पाडली. बागेचा माळी तुकाण्णा पार मागं चिंचेखाली बसणार आणि ऐकू आलं नाही की तांबडा रुमाल वर करणार. उन्हामुळं आम्हाला तो दिसत नसे. नाना विंगेतून बघायचे आणि ओरडायचे, "आवाज चढवा!"

खेळ चालू असताना बागेच्या बाकी नोकरांना कुंपणाबाहेर उभं राहावं लागे. तुकाण्णा तेवढा रुमालामुळं आत.

पहिल्या वर्षी रुमाल कधीतरी वर जायचा. तिसऱ्या वर्षी तो खाली यायचं नाव घेईना. आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडायचो आणि नाना म्हणायचे, "अजून!"

*

बापू आमचा नायक. माधवनगरच्या गिरणीत कारकून. तो हळू बोलला की अंगावर काटा यायचा, असा गळा. साताऱ्याला एका स्पर्धेत आम्ही नाटक नेलं. तिथं बंद हॉल होता, पण आम्हाला ओरडायची सवय लागलेली. प्रेमाच्या प्रवेशात बापूनं नायिकेला सांगितलं, "कुणाला सांगू नकोस." ते बाहेर टांगेवाल्यांनी ऐकलं!

परीक्षक म्हणाले, "एवढ्या लांब कशाला आलात? सांगलीतच केलं असतंत तरी आम्हाला ऐकू आलं असतं."

परत येताना बापूचा आवाज बसला. महिना झाला, दोन झाले, घशातून नुसती खरखर. डॉक्टरांनी सांगितलं, स्टेज विसरा. बापू म्हणाला, "गिरणीत काही अडत नाही. तिथं कुणाचंच कुणाला ऐकू जात नाही." हे तो हसत म्हणाला आणि मला भयंकर राग आला. कुणाचा, ते कळेना.

*

ते एका सकाळी बागेत कळलं. तुकाण्णा झाडांना पाणी घालत होता. मागून तीन हाका मारल्या, पठ्ठ्या वळेना. खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकला. मी त्याच्या कानाला तोंड लावून ओरडलो, "ऐकू येत नाही?"

"लय दिस झालं, दादा. नानास्नी सांगू नगा. रुमाल गेला तर मला कुंपणाच्या भाईर काढत्याल."

"अरे, मग सारखा वर कशाला करायचास?"

"बापूचं ऐकायचं हुतं."

त्याच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटली. तसाच सायकल मारत माधवनगरला गेलो आणि बापूला सगळं सांगितलं. वाटलं, चवताळून उठेल. तो त्या खरखरीतूनच म्हणाला, "नानांना सांगू नकोस."

*

पुढचं नाटक बापूशिवाय झालं. त्याच्या जागी मी. नानांनी मान म्हणून पुढची एक खुर्ची त्याच्यासाठी राखली होती. त्या दिवशी आभाळ आलेलं, त्यामुळं स्टेजवरून पार मागपर्यंत स्वच्छ दिसत होतं. बापू आला, राखलेल्या खुर्चीपाशी थांबलाच नाही, हिरवळ ओलांडली आणि चिंचेखाली तुकाण्णाशेजारी जाऊन बसला.

माझं मोठं भाषण चालू होतं, एके काळी बापूचं असलेलं. तुकाण्णा मांडीवर रुमाल ठेवून शांत बसला होता. बापू वाकला, त्याच्या कानाला तोंड लावलं. त्याचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. वाक्य माझंच होतं.

तुकाण्णानं त्याच्याकडं बघितलं, नाही म्हणून मान हलवली आणि हळूच रुमाल वर केला.

"आवाज चढवा!" विंगेतून नाना ओरडले.

आणि आम्ही सगळे ओरडायला लागलो.