उपाशी ट्रॉली

नव्वदच्या दशकात बारामतीत मी नुकताच दवाखाना थाटला होता. एके सकाळी निरवांगीहून ट्रॅक्टरची ट्रॉली भरून रक्त देणारे आले. त्यांच्या घरच्या सुनेचं त्या दिवशी ऑपरेशन होतं. तिच्या गर्भपिशवीत नारळाएवढी गाठ होती. लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. "गाठ काढा, पिशवी ठेवा," एवढंच ती म्हणायची. पण अशी गाठ काढताना रक्त धो धो जातं आणि आवरलं नाही, तर जीव वाचवायला पिशवीच काढावी लागते. रक्ताच्या बाटल्या तयार असल्याशिवाय मी सुरीला हात लावणार नव्हते.

नर्सने विचारलं, "सगळ्यांनी नाश्ता केलाय ना?"

"न्हाय," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "सुनेला तुमी उपाशी ठिवलं, मग आमी कसं खावं? ती भाईर येईस्तवर समद्यांचा उपास हाय. देवाला बोललोय."

मेंढरांमागं चालून काटक झालेले अकरा गडी, आणि उपाशीपोटी एकाचंही रक्त घेता येईना. मला असं हसू फुटलं की भिंतीला टेकावं लागलं. समजावून तोंड दुखलं, पण देवाला बोललेलं कोण मोडणार? शेवटी पेशंटच हिरव्या गाऊनमध्ये बाहेर आली. चुलत सासऱ्यांना म्हणाली, "तात्या, उपास मी करती. तुमी खावा. तुमचंच रगत मला लागणार हाय."

तात्या उठले, मागोमाग बाकीचे गडीही. कोपऱ्यावरच्या हॉटेलातले पोहे अर्ध्या तासात संपले. दुपारी बाटल्या भरून, तिच्या रक्ताशी जुळवून तयार झाल्या.

ऑपरेशनात मी पोत्याचं तोंड बांधावं तशी पिशवीच्या मानेला रबरी नळी आवळली. रक्ताची वाट बंद झाली. गाठ सोलून काढली, खड्डा थराथराने शिवला. मग नळी सोडायची वेळ आली. सोडली. टाक्यांतून दोन थेंब आले आणि थांबले. मास्कच्या आत मी वेड्यासारखी हसत सुटले.

बाहेर येऊन सांगितलं, एकही बाटली लागली नाही. तात्या हिरमुसले. "मंग उपास उगंच मोडला की."

"आन् पिशवी?" सासूबाईंनी विचारलं.

"जागेवर आहे."

वयामुळे सासूबाईंचं रक्त घ्यायचंच नव्हतं, म्हणून त्या तेवढ्या उपाशी राहिल्या होत्या. त्यांनी भाकरीचं फडकं सोडलं, भाकरी मोडली आणि पहिला घास माझ्या तोंडात कोंबला.

"अकरा जणांचा उपास एकटीनं काढलाय म्या," त्या म्हणाल्या.

घास चावता चावता मला रडू आलं.