खदानीत आधी कोणी उतरायचे

टेंभुर्णीच्या रस्त्याला लागून आमच्या गावाची जी दगडखदान आहे, तिथे आता लोक तारेला लटकून या कड्यावरून त्या कड्यावर जातात. तळाशी साठलेल्या पाण्यात होड्या फिरतात, आणि जिथे क्रशरची धूळ घोटाभर साचत असे तिथे हिरवळ लावून तंबू उभारले आहेत. याविषयी माझी तक्रार नाही. बंद खदान ओसाड राहण्यापेक्षा हे बरे. माझी तक्रार तिथे माइकवरून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीबद्दल होती. आणि ती करण्याचा मला अधिकार होता, कारण ती गोष्ट माझ्या थोरल्या बंधूंची होती.

बंधू सुरुंग लावत. खदानीतच त्यांचा मृत्यू झाला. एवढ्यावर गावात कोणाचा वाद नाही. त्यापुढचे मात्र ज्याला त्याला ठाऊक असते. कोणी म्हणतो, विड्यांचे बंडल खाली राहिले म्हणून ते परत उतरले. कोणी म्हणतो, त्यांना बार मोजता आले नाहीत. असे म्हणणाऱ्यांपैकी एकही जण त्या दिवशी खदानीवर नव्हता. मी होतो. मी क्रशर चालवत असे, आणि त्या वेळी कड्यावर बंधूंच्या शेजारी उभा होतो.

आमच्या खदानीचा एक रिवाज होता. बार उडाले, धूर विरला, की ज्याने वाती पेटवल्या त्यानेच आधी खाली उतरायचे. सगळे पाहून तो "या" अशी हाक देत नाही तोवर खडी फोडणाऱ्या बायांनी किंवा ट्रॅक्टरवाल्यांनी पाऊल टाकायचे नाही. त्या दिवशी एक बार कमी वाजला, हे बंधूंनी स्वतः मला सांगितले. नेहमीपेक्षा ते जास्त वेळ थांबले. मग उतरले, कारण आधी उतरणे त्यांचेच काम होते. उरलेला बार त्यांच्यासमोर उडाला. यात विडी कुठेही नाही.

खदानीवर आता जे पर्यटन केंद्र आहे, वहिनी त्याच्या दारात पिठलं-भाकरीची टपरी चालवत. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी मी तिथे बसलो असताना वरच्या मचाणावरून, जिथून लोकांना तारेवर सोडतात तिथून, गाइडचा आवाज आला :

"मंडळी, हितंच एक दारुडा सुरुंगवाला झिंगत खाली गेल्ता, आन् तिथून डायरेक्ट वर गेला! तुम्ही मात्र पट्टे बांधून जा!"

रांगेतले लोक हसले. वहिनींनी तव्यावरची भाकरी उलटली.

"रोजचंच हाय हे, भाऊजी. बसा."

मी उठलो.

"वर जाऊ नका. टपरी ह्या केंद्राच्या जागंत हाय."

मी गेलो. मचाणाच्या टोकाशी एक तरुण बाई पट्टे बांधून, दोन्ही मुठींत दोर घट्ट धरून उभी होती. मी तिच्या आणि दरीच्या मध्ये, तारेच्या खालीच जाऊन उभा राहिलो. मागे वीतभर फळी होती आणि तिच्यापलीकडे काही नव्हते.

"आजोबा, बाजूला व्हा. कस्टमर उभे हायेत."

"राहू दे उभे. आधी सांग, दारुडा कोण?"

"अहो, गोष्ट हाय ती. लोकांला मजा वाटती."

"मंग तुझ्या बापाची सांग. अजून मजा वाटंल."

वारा सुटला होता. तार वाजत होती. त्या बाईच्या नवऱ्याने मागून विचारले, "हे सोडणार आहेत की नाही?" मॅनेजर धावत आला. मी कुठे उभा आहे हे पाहून त्याने आवाज खाली आणला. धमकी मात्र दिलीच.

"काका, खालची टपरी आमच्या मेहरबानीवर चालू हाय. इचार करून बोला."

विचार मी केला होता. रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "माझे बंधू जन्मात दारूला शिवले नाहीत."

"भाऊजी, खोटं बोलू नका."

वहिनी जिना चढून आल्या होत्या. हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले, श्वास चढलेला. जिन्यावर त्या दिसल्या तेव्हा माझी बाजू घ्यायला येत आहेत, असे मला वाटले होते.

"पेत होते," त्या गाइडला म्हणाल्या. "रोज सांजच्याला पेत होते, आन् मी भांडत होते. पण बार उडवायचा दिवस आसला की थेंब न्हाई. त्या दिशी माझ्या हातचा चहा पिऊन गेल्ते. बायांच्या आधी उतरायचं काम त्यांचं होतं, म्हणून उतरले. सांगायचं तर हे सांग. न्हाईतर काहीच सांगू नको." मग मॅनेजरकडे वळून : "टपरीचं म्हणत होता ना? उचलते मी. तुम्ही या खाली, भाऊजी. पडसाल."

मी खाली आलो. गाइडने त्या बाईला मुकाट्याने तारेवर सोडले.

त्याच दिवशी वहिनींनी चूल रस्त्यापलीकडे मांडली. तिथे गिऱ्हाईक कमी येते. गावात म्हणतात, म्हाताऱ्याने भावजयीचा धंदा बसवला. हेही खोटे आहे. टपरी त्यांनी आपल्या तोंडाने सोडली. मी फक्त टपरीचे पत्रे वाहिले. गाइड आता पाणी किती खोल आहे एवढेच सांगतो.

हे लिहायला बसलो तेव्हा मी वहिनींना म्हणालो, पिण्याचे तेवढे गाळू या.

"कशाला?" त्या म्हणाल्या. "रोज पेणारा माणूस त्या दिशी पेला न्हाई. ते काढलं तर मंग राह्यलं काय?"

वाद घालण्यात मी आजवर कोणाला हार गेलो नाही. तरी पिण्याचे ते वाक्य तसेच ठेवले आहे.